लग्नाचे फोटो शिकायला फुल फ्रेमच घ्यावा लागतो का?

प्रश्न असा आहे: बजेट ७० हजार, घरच्या लग्नकार्यांत फोटो काढायला शिकायचंय, जुना फुल फ्रेम (उजेड टिपणारा सेन्सर मोठा असलेला) घेऊ की क्रॉप सेन्सरवाला (लहान सेन्सरचा)? ओळखीचे एक फोटोग्राफर म्हणतात, 'लग्नाला फुल फ्रेमच लागतो.' आणि रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने जेपेग न बनवलेल्या कच्च्या फाइलमध्ये, काढायची खरंच गरज आहे का?

ते ओळखीचे फोटोग्राफर माझा मामेभाऊ नसावेत अशी आशा आहे. हेच वाक्य मी २०१९च्या डिसेंबरात, सांगलीत, भाचीच्या लग्नाच्या आदल्या रात्री ऐकलंय, तेही सगळ्या पाहुण्यांसमोर.

माझ्याकडे क्रॉप सेन्सरचा निकॉन डी७२०० आणि त्यावर ५० एमएम एफ १.८ लेन्स (एफचा आकडा जितका लहान, तितका उजेड जास्त). मामेभावाने महिन्यापूर्वीच फुल फ्रेम मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला नव्या पद्धतीचा कॅमेरा, घेतला होता. सगळे पैसे बॉडीतच गेल्यामुळे लेन्स सोबत आलेली, झूम केली की एफ ५.६वर जाणारी. आता हिशोब करा. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. मोठ्या सेन्सरचा फायदा साधारण एका स्टॉपचा. एफ १.८ सोडून ५.६वर गेलात की तीन स्टॉपहून जास्त उजेड गेला. कमावला एक, घालवले तीन. पण लग्नघरात स्टॉपचा हिशोब कोण ऐकतो? दाजी म्हणाले, "त्याचा कॅमेरा मोठा आहे, तो स्टेजवर थांबू दे. तू पंगतीचे काढ."

गेलो. मंगलाष्टकं चालू असताना पंगतीत असतात फक्त वाढपी, म्हणून मागच्या दाराने बाहेर आलो. आमच्याकडे मुलीच्या आईने मंगलाष्टकांना उभं राहायचं नसतं, तिने तेवढा वेळ तुळशीला पाणी घालायचं. ताई कार्यालयाच्या मागे वृंदावनापाशी एकटीच होती. आतून 'सावधान' ऐकू आलं की तांब्यातून थोडं पाणी सोडायची, आणि पुढच्या 'सावधान'पर्यंत थांबायची. मी सहा फोटो काढले आणि धावत गॅलरीत गेलो. अंतरपाट दूर होताना आणि हार घालताना वरून चाळीसेक मिळाले, सगळे १/१०० सेकंद शटरवर.

मामेभावाने गुरुजींना खटखट नको म्हणून सायलेंट शटर लावलं होतं, स्पीड १/५००. नवरा-नवरीच्या तोंडावर आडव्या पट्ट्या, एक उजळ, एक काळसर पिवळी. मागच्या स्क्रीनवर त्या इतक्या बारीक दिसतात की त्याला घरी जाईपर्यंत पत्ताच नाही.

कारण साधं आहे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूब आणि बरेचसे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला कळत नाही. इलेक्ट्रॉनिक शटरमध्ये बहुतेक कॅमेऱ्यांचा सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचला जातो. काही ओळी दिवा उजळ असताना वाचल्या जातात, काही मंद असताना. म्हणून कार्यालयात मेकॅनिकल शटर ठेवायचं आणि स्पीड १/१०० किंवा १/५०, म्हणजे प्रत्येक ओळीला दिव्याचा पूर्ण फेरा मिळतो. कॅननच्या सेव्हन डी मार्क टूपासून, म्हणजे २०१४पासून, अँटी-फ्लिकर नावाची, दिवा उजळ असतानाच फोटो टिपणारी सोयही कॅमेऱ्यांत येऊ लागली आहे. माझ्या डी७२००मध्ये फोटोसाठी ती नाही, काही अडलं नाही.

रॉ? हो, काढा. हळदीने पिवळा झालेला चेहरा, मागे लाल-गुलाबी कापड, वर भलत्याच रंगाचे दिवे: यात ऑटो व्हाइट बॅलन्स (कॅमेऱ्याने आपोआप रंग जुळवणं) हमखास फसतो. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिट रॉमध्ये १६,३८४, म्हणजे नंतर रंग ओढायला जागा राहते. पट्ट्या मात्र रॉनेही जात नाहीत. मामेभावाचे सगळे रॉच होते.

माझीही एक चूक सांगतो, नाहीतर तो इथे येऊन सांगेल. दोन्ही कॅमेऱ्यांची घड्याळं जुळवली नव्हती, माझं १७ मिनिटं मागे. एकत्र लावल्यावर पाठवणी आधी आणि व्याही-विहिणी सुनमुख बघायला नंतर. लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये वेळ सरकवता येते, पण मला तो फरक कळेपर्यंत अर्धा अल्बम हाताने लावून झाला होता. सुरुवातीलाच दोन्ही कॅमेऱ्यांनी एकाच मोबाइलच्या घड्याळाचा फोटो काढून ठेवा, नंतर फरक मोजता येतो. आणि दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायचं नाही.

तर खरेदी. अर्धे पैसे बॉडीला, उरलेले एक चांगली प्राइम (झूम नसलेली) लेन्स, फ्लॅश आणि दोन कार्डांना. बॉडीला दोन कार्डांचे खाचे असतील तर दुसऱ्यावर बॅकअप लावून ठेवा. जुनी बॉडी घेताना शटर काउंट, म्हणजे आतापर्यंत किती फोटो काढलेत, ते बघा. डी७२००चं शटर दीड लाख फोटोंसाठी तपासलेलं आहे. निकॉनची जुनी डी मालिकेतली लेन्स स्वस्त दिसली म्हणून डी३००० किंवा डी५००० मालिकेच्या बॉडीसाठी उचलू नका, त्या बॉडींत फोकसची मोटर नाही, हाताने फिरवत बसाल. एफटीझेड (जुन्या निकॉन लेन्स निकॉनच्या मिररलेसला जोडणारा) अडॅप्टर लावून मिररलेसवरही ती आपोआप फोकस होत नाही. फ्लॅश पांढऱ्या छतावर मारायचा, कापडाच्या रंगीत मांडवात वर मारलात तर सगळं वऱ्हाड गुलाबी.

आता थोडी माघार. क्रॉपवर ५० एमएम साधारण ७५सारखी दिसते; छोट्या खोलीत वधूला तयार करताना मी भिंतीला पाठ लावून उभा होतो. तेव्हा एक रुंद लेन्स लागेलच, कॅमेऱ्यासोबत येणारी किट लेन्स चालेल. नव्या लेन्स आता मिररलेससाठीच येतात, त्यामुळे पुढे धंदाच करायचा असेल तर तिकडेच वळा. काही स्वस्त एलईडी वेगळ्याच गतीने फडफडतात, त्यांच्यापुढे १/१००सुद्धा चालत नाही; आधी दोन-चार फोटो काढून मोठे करून बघा. आणि फुल फ्रेम वाईट नसतोच, एफ २.८ची झूम परवडत असेल तर घ्या खुशाल.

ताईच्या घरी हॉलमध्ये आज तुळशीचाच फोटो आहे. मामेभाऊ अजूनही म्हणतो, कार्यालयाचे दिवे खराब होते. त्याच दिव्यांखालचे माझे चाळीस फोटो मी त्याला तीनदा पाठवलेत. निळ्या टिका झाल्यात, उत्तर नाही.