बारा वर्षं पडीक असलेलं घरामागचं परडं भाजीपाल्यासाठी कसं तयार करावं? जेसीबी लावावा का?

लावू नका. बाकीचं सांगतो.

गावचं घर बारा वर्षं बंद, मागच्या चार गुंठ्यांत पुरुषभर उंच रानमोडीचं तण, आणि 'तिथे तसं काहीच नाही' असं तुम्ही प्रश्नात लिहिलंय. हेच वाक्य माझ्या थोरल्या भावाचं.

आम्ही राजापूर तालुक्यातले. दादा डोंबिवलीला असतो. २०१८च्या मे महिन्यात चार दिवस आला, रस्त्याच्या कामावरचा जेसीबी दिसला, ड्रायव्हरशी ठरवून मोकळा झाला. मी संध्याकाळी रत्नागिरीहून पोचलो तर परडं नव्हतंच, मैदान होतं. दोन तासांचं काम. दादा खूश, शेजारी बघायला आलेले. आई तेवढी गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, लोटलेल्या ढिगात वाकून काहीतरी चाचपत होती.

सुरण. हळद. अळवाचे कांदे. आजीने लावलेले, दरवर्षी आपसूक येणारे. मे महिन्यात यातलं एकही वर दिसत नाही. पाला वाळून गेलेला असतो, कंद खाली निजलेले असतात, पाऊस पडला की कोंब येतात. बकेटच्या दातांनी एक सुरण मधोमध चिरला होता, आतला गुलाबीसर गर आणि त्याला चिकटलेली लाल माती. आईने अर्धी टोपली वाचवली आणि रात्रभर हातांना कोकमाचं आगळ चोळत बसली, खाज जाईना. दादाचं एकच, "पण साफ झालं ना?"

साफ झालं, खरंय. आमच्याकडे जांभ्या दगडावर वरची वीतभर काळपट माती हीच काय ती माती, खाली मुरूम. ती वीतभर ढिगात गेली आणि जुलैत ढीग पऱ्ह्यात, म्हणजे ओढ्यात वाहून गेला. त्या हिवाळ्यात माठ पेरला तर चार बोटं वाढून पिवळा पडला. पुढची तीन वर्षं मी शेणखत, पातेरा (वाळका पाला) आणि चुलीतली राख ओतत होतो.

म्हणून तुम्ही एक पावसाळा नुसतं बघा. जूनमध्ये जे ओळखीचं उगवेल त्याच्याशेजारी काठी रोवा. दसऱ्यानंतर जमिनीत ओल असते तेव्हा रानमोडी कोयत्याने तोडा आणि बुडखे टिकावाने उपटा. थंडीत तिला फुलं येतात, मग बी वाऱ्यावर उडतं. त्याच्या आत काम उरका. तोडलेलं जाळू नका, वाफ्यांवर आच्छादन म्हणून पसरा. जागोजागी पहार ठोकून बघा. वीतभरात ठण वाजलं तर तिथे वाफा नको. पहिल्या वर्षी अर्धा गुंठाच धरा: माठ, मुळा, वाल, चवळी.

हरळी आणि लव्हाळा असेल तर पॉवर टिलर फिरवू नका, जितके तुकडे तितकी नवी रोपं. कुदळ घ्या आणि गाठी वेचा, कंटाळवाणं आहे. दुकानदार ग्लायफोसेट हे तणनाशक सुचवेल. केंद्राने ऑक्टोबर २०२२ मध्ये ते परवानाधारक कीडनियंत्रणवाल्यांपुरतं मर्यादित केलंय, आणि जिथली भाजी घरात खायची तिथे मी तरी मारणार नाही.

गमबुटांशिवाय आत जाऊ नका, फुरसं हा विषारी साप पाचोळ्यात दिसत नाही. खाजकुयलीच्या वाळलेल्या शेंगांना हात लावू नका. आणि हे खरं तर आधी सांगायला हवं होतं: विहिरीला एप्रिलपर्यंत पाणी टिकतं का आणि गावात माकडं किती, हे विचारल्याशिवाय कोयताही विकत घेऊ नका. आमच्याकडे माकडं दुधी-काकडी ठेवत नाहीत. सुरण-हळदीच्या वाटेला जात नाहीत. सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं असतील तर त्यांनाही आधी फोन करा, भाजी आल्यावर नको.

आकेशियाची मोठी खोडं असतील तर जेसीबी लागेल, मान्य. फक्त खोडं उपटून घ्या, जमीन खरवडू देऊ नका आणि स्वतः समोर उभे राहा. दादा त्या दिवशी चहा प्यायला गेला होता.

त्या अर्ध्या टोपलीतल्या एका गड्ड्याचा सुरण गेल्या पौषात साडेचार किलोचा निघाला. वजनकाट्यावरचा फोटो दादाला पाठवला. उलट नुसता अंगठा आला.