वाचकांचे प्रश्न : नखाला तडा गेला तर

प्रश्न : तीन आठवड्यांपूर्वी मी पार्लरमध्ये अ‍ॅक्रिलिकची नखे लावून घेतली. परवा कुकरचे झाकण काढताना उजव्या तर्जनीच्या नखाला मधोमध आडवा तडा गेला. दुखत नाही, पण विंचरताना त्यात केस अडकतात. भाचीचे लग्न आठ दिवसांवर आले आहे. पार्लरवाल्या ताई दहाही नखे काढायला सांगतात. फेविक्विकने घरीच चिकटवले तर चालेल का? — एक वाचक, नाशिक

उत्तर : एका नखासाठी दहाही काढण्याची सहसा गरज नसते. आधी तडा नेमका कुठे आहे ते पाहा. बोटापासून सुटलेल्या टोकाच्या भागात असेल, तर नख तिथवर घासून आखूड करावे आणि बाकीची त्याला शोभतील इतकी कमी करावीत; लग्नघरात कामे उरकायलाही ते सोयीचे. तडा जिव्हाळीवर, म्हणजे नख बोटाला चिकटलेले असते त्या भागावर असेल, तर नख दिव्याच्या उजेडात धरून पाहा. तड्याच्या आजूबाजूला धुरकट पांढरा डाग दिसला, तर अ‍ॅक्रिलिक खालच्या नखापासून सुटले आहे असे समजावे. तो भाग काढल्याशिवाय वर काहीही लावू नये.

खरे तर दोष कुकरचा नाही. बोटाचे नख महिन्याला सुमारे 3 मिलिमीटर वाढते. बळकटीसाठी नखाच्या मध्यावर दिलेला अ‍ॅक्रिलिकचा उंचवटा त्यामुळे तीन आठवड्यांत दोनेक मिलिमीटर टोकाकडे सरकतो आणि जिथे ताण सर्वांत जास्त पडतो तिथेच थर पातळ राहतो. म्हणूनच दर दोन-तीन आठवड्यांनी रिफिल करायला, म्हणजे वाढलेल्या भागावर नवे अ‍ॅक्रिलिक भरून घ्यायला, सांगतात. तुमचे रिफिल असेही आले आहे. त्याच बैठकीत जाणकार हात तडा घासून त्याची उथळ खाच करील, नख कोरडे करून अ‍ॅक्रिलिक घट्ट धरावे म्हणून प्राइमर लावील, अ‍ॅक्रिलिकचा द्रव आणि पावडर यांचा ताजा गोळा खाचेत बसवील आणि उंचवटा पुन्हा जागेवर आणील. अ‍ॅक्रिलिकच्या नखांचा जन्मच, असे सांगतात, एका दुरुस्तीतून झाला : फ्रेडरिक स्लॅक नावाच्या अमेरिकन दंतवैद्याने 1950च्या दशकात स्वतःचे तुटलेले नख दातांसाठीच्या अ‍ॅक्रिलिकने सांधले होते.

आता फेविक्विक. नखांचा गोंद आणि असे गोंद दोन्ही सायनोअ‍ॅक्रिलेट या झटपट चिकटणाऱ्या रसायनाचेच, त्यामुळे चिकटेल यात शंका नाही. अडचण अशी, की वरून तडा बुजतो आणि आत शिरलेले पाणी तिथेच कोंडले जाते. शिवाय हा गोंद कापसावर सांडला तर इतका तापतो, की चटका बसतो. जवळ कापूस ठेवू नये. पार्लरला जाईपर्यंत निभावायचेच असेल, तर तडा टोकाच्या भागात आणि कोरडा असल्याची खात्री करून, रिकाम्या टी-बॅगच्या कागदाचा तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा तुकडा नखांच्या गोंदाने त्यावर बसवावा, पूर्ण वाळू द्यावा, बारीक फाइलने हलकेच सपाट करावा आणि दुसरा थर द्यावा. जिव्हाळीवरच्या तड्याला हा उपाय नाही. तिथे पार्लर गाठेपर्यंत साधी चिकटपट्टी गुंडाळावी आणि कणीक दुसऱ्या कोणाला मळू द्यावी.

नख उचकटून मात्र काढू नये. खालच्या खऱ्या नखाचे पापुद्रे त्याबरोबर निघतात आणि ते नख मुळापासून नवे यायला सुमारे सहा महिने लागतात. काढायचेच झाले तर वरची चकाकी घासून, अ‍ॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस फॉइलने वीस ते तीस मिनिटे गुंडाळून ठेवावा. अ‍ॅसिटोन चटकन पेट घेते, म्हणून हे स्वयंपाकघरात करू नये.

प्रश्न : दुरुस्त केलेल्या नखाखाली हिरवट डाग दिसतो. गडद नेलपॉलिशने झाकला तर? — एक वाचक, पणजी

उत्तर : झाकू नका. सुटलेल्या नखाखाली ओल राहिली, की स्यूडोमोनास नावाचे जिवाणू वाढतात आणि हा रंग त्यांचा असतो. नख लगेच काढवून घ्या, बोट कोरडे ठेवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. ते सांगेपर्यंत त्या बोटावर नवे नख चढवू नका.