चंद्रावरून उडालेला तो ‘डबा’ परत कसा आला?

अपोलो १७चं यान चंद्रावरून उडतानाचा व्हिडिओ बघून तुम्ही तीन शंका काढल्या आहेत. जाताना १११ मीटर उंचीचं सॅटर्न ५ रॉकेट लागलं, मग येताना एवढासा डबा कसा पुरला? इंजिनाखाली ज्वाळा का दिसत नाहीत? आणि सगळे निघून गेल्यावर कॅमेरा कोण फिरवत होतं?

पहिली गोष्ट, तो डबा पृथ्वीवर आलाच नाही. त्याला यायचंही नव्हतं. चंद्राभोवतीच्या कक्षेत पोचलं की लूनार मॉड्यूलचं, म्हणजे त्या डब्याचं, काम संपलं. तिथे तिसरे अंतराळवीर रॉन इव्हान्स कमांड मॉड्यूल या मुख्य यानात थांबले होते. परतीचं इंधन, मोठं इंजिन आणि वातावरणात शिरताना लागणारं उष्णतारोधक कवच, सगळं त्या यानाकडे. गड चढताना जड सामान पायथ्याच्या गावात ठेवतो, तसंच. आज हे उघड वाटतं, पण नासात यावरून चांगलीच जुंपली होती. अख्खं यान उतरवायचं आणि तिथून थेट घरी यायचं, असं म्हणणारे बरेच होते. त्यासाठी सॅटर्नहूनही मोठं रॉकेट बांधावं लागलं असतं. फक्त छोटं यान उतरवावं म्हणून जॉन हूबोल्ट या इंजिनिअरने वरिष्ठांना ओलांडून थेट वरपर्यंत पत्रं धाडली, आणि १९६२ मध्ये त्यांच्या बाजूने निकाल लागला.

आता गणित बघा. चंद्राभोवती फिरायला सेकंदाला साधारण १.७ किमी वेग पुरतो, पृथ्वीभोवती ७.८ लागतो. मॉड्यूलचा वर उडणारा भाग इंधनासकट पावणेपाच टनांच्या आसपास, त्यातलं निम्मं इंधनच. चंद्रावर वजन एक षष्ठांश, म्हणजे इथल्या ८०० किलोंइतकं. इंजिनाचा जोर सुमारे १,६०० किलोंचा. झालं की! लाँचपॅड म्हणाल तर पायांचा खालचा भाग, तो तिथेच राहिला.

वजनासाठी मॉड्यूल बांधणाऱ्या ग्रमन कंपनीने केलेली काटकसर वाचण्यासारखी आहे. खुर्च्याच काढून टाकल्या, अंतराळवीर उभ्याने उतरले. उभं राहिल्यावर डोळे काचेजवळ येतात, त्यामुळे छोट्या त्रिकोणी खिडक्यांवर भागलं. केबिनचा पत्रा काही ठिकाणी जेमतेम ०.३ मिलिमीटर. हवाच नाही म्हटल्यावर निमुळता आकार तरी कशाला हवा? म्हणून ते असं वेडंवाकडं दिसतं.

माझं लाडकं मात्र ते वर नेणारं इंजिन. एकच, राखीव दुसरं नाही. म्हणून बिघडण्यासारखं त्यात काही ठेवलंच नाही. पंप नाही, हीलियमच्या दाबाने इंधन ढकलायचं. ठिणगीची भानगड नाही. एरोझिन ५० हे इंधन आणि ते जाळणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड एकत्र आले की आपसूक पेटतात. एवढं करूनही अपोलो ११मध्ये त्याच इंजिनाच्या सर्किट ब्रेकरची खुंटी मोडली, बहुधा कुणाच्या तरी पाठीवरच्या संचाचा धक्का लागून. बझ आल्ड्रिननी तिथे स्केचपेन खुपसून तो ब्रेकर आत ढकलला.

ज्वाळांचं उत्तर याच इंधनात आहे. ते जळताना ज्योत जवळपास पारदर्शक असते. जेमिनी यानांना नेणाऱ्या टायटन रॉकेटची इंधनंही हीच, त्याच्या उड्डाणाचे फोटो बघा. शिवाय निर्वात जागेत वायू लगेच पसरून विरळ होतो, धूर तर नाहीच. व्हिडिओत चमकत उडणारे तुकडे ठिणग्या नव्हेत, उष्णतारोधक आवरणाच्या चिंध्या आहेत.

राहिला कॅमेरा. तो तिथेच सोडलेल्या रोव्हरवर, म्हणजे चंद्रावर फिरायच्या गाडीवर होता आणि ह्यूस्टनच्या नियंत्रण केंद्रातून एड फेंडेल तो चालवत होते. आज्ञा चंद्रापर्यंत जायला सव्वा सेकंद, चित्र यायला तेवढाच वेळ. यान हललेलं दिसल्यावर बटण दाबलं असतं तर ते केव्हाच चौकटीबाहेर गेलं असतं. त्यामुळे फेंडेलनी चित्राकडे न बघता वेळेचा हिशेब धरून आज्ञा आधीच सोडल्या. अपोलो १५ आणि १६ला हा पाठलाग जमला नव्हता.