झील कोणी धरायची?

गुहागरजवळच्या एका वाडीत कोजागरीला, सकाळी दाराला नवं (नव्या भाताच्या लोंब्यांचं तोरण) बांधून झालं की रात्री नाट्यपदांचा कार्यक्रम आहे. गाणारे मंचावर, पण धृपद सगळ्या मांडवानं म्हणायचं. पत्रिका लिहायला बसलेल्या ताई विचारतात, "'सिंग अलाँग'ला मराठीत काय म्हणू? कोणी सहगान सुचवतं, कोणी समूहगान. दोन्ही मनाला येत नाहीत."

येऊ नयेतच. समूहगान म्हटलं की हात मागे बांधून उभी राहिलेली शाळेतली मुलं दिसतात. सहगानात सगळ्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच गायचं, आणि नाट्यपद तसं गाता येतच नाही. मुखडा सगळ्यांच्या तोंडी असतो. ताना सुरू झाल्या की मांडव गप्प होतो, आणि गाणारा समेवर परतला की जीव भांड्यात पडल्यासारखा पुन्हा मुखडा उचलतो. या उचलण्याला जुना, नेमका शब्द आहे : झील. पोवाड्यात शाहिराच्या मागे 'जी जी रं जी' म्हणतात ते झीलकरी. (तलाव तो हिंदीतला. नुसतं 'नाट्यपदांची झील' छापलंत तर एखादा मुंबईकर पाहुणा टॉवेल घेऊन यायचा.)

नाटकालाही मागून गाणारे नवे नाहीत. १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी नाटक उभं केलं तेव्हा पदं सूत्रधार म्हणे, साथीदारांच्या सोबतीनं. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल'मध्ये ती थेट पात्रांच्या तोंडी दिली आणि मागच्यांचं काम गेलं. आपल्या दशावतारात मात्र पायपेटीवरचा हरदास, म्हणजे तिथला सूत्रधार, अजून गातो. भजनात बुवांच्या मागे बसणाऱ्यांना आता सर्रास 'कोरस' म्हणतात. मला त्यात वावगं वाटत नाही. पण घरात शब्द असताना पत्रिकेत तरी तो वापरावा.

एक गोष्ट मात्र खटकते. मागून गाणाऱ्यांच्या बाबतीत आपली भाषा काही दिलदार नाही. मागून सूर लांबवायची ती 'री'. आज री ओढणारा म्हणजे होयबा. पालुपद म्हणजे धृपदच, पण ते आता ऐकू येतं ते भांडणात, 'तुझं आपलं तेच पालुपद!' तुणतुण्याचं आणि टिमकीचं काय झालं ते सांगायला नको. एकटी 'साथ' तेवढी अब्रू राखून आहे, आणि तीही पावसाळ्यात तापाची होते.

'झील ओढणे' हेही आता राजकारणावरच्या लेखांत याच वाटेनं निघालंय. म्हणून ताई, 'ओढणे' टाळा, 'धरणे' घ्या. धरण्यात गाणाऱ्याला दिलेला आधार आहे, ओढण्यात फरफट. मी असं लिहीन :

'पदं ते गातील, झील आपण धरायची.'

खाली वार, वेळ आणि मसाला दूध. धृपदांचे कागद मात्र दुधाच्या आधी वाटा; नंतर हात चिकट असतात, आणि कागद पेल्याखाली जातो.