चालत्या गाडीला गचके? आधी टाकीचं झाकण उघड

मित्रा, तू सांगतोस तशी तुझी बाइक पन्नास-साठच्या वेगात गचके खाते, दम सोडते आणि दोन मिनिटं उभी केली की पुन्हा शहाण्यासारखी चालते, एवढ्यावरून तरी मला इंजिनाची काळजी वाटत नाही. कार्बोरेटरवाल्या (कार्बोरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) जुन्या शंभर सीसी गाडीत हे बहुतेक वेळा पेट्रोल अडल्याचं लक्षण.

पहिली चाचणी फुकटची. गचके सुरू झाले की गाडी कडेला घे आणि टाकीचं झाकण उघड. फुस्सकन हवा आत ओढली गेली आणि गाडी लगेच सुधारली, तर झाकणातलं हवेचं भोक बुजलंय. वरून हवाच शिरली नाही तर पेट्रोल खाली उतरणार कसं? माझ्या गाडीच्या त्या भोकात पॉलिशचं मेण बसलं होतं. ते सापडेपर्यंत मी प्लग, केबल सगळं बदलून मोकळा झालो होतो!

तसं नसेल तर, इंजिन थंड झाल्यावर (आणि सिगरेट लांब ठेवून):

- झाकण उघडं ठेव, कॉकची (टाकीखालच्या पेट्रोलच्या तोटीची) नळी काढून बाटलीत पेट्रोल सोड. धार सलग हवी. थेंब थेंब आलं तर कॉकची जाळी धू.
- कार्बोरेटरच्या तळाच्या वाटीतलं पेट्रोल काचेच्या ग्लासात काढ. तळाशी पाण्याचे मणी दिसतात का बघ.
- प्लगची टोपी सैल नाही ना?

कार्बोरेटरचे बाहेरचे स्क्रू मात्र पिळत बसू नकोस. ते मुख्यतः आयडलिंगचे, म्हणजे गाडी उभी असताना इंजिन हळू चालू ठेवण्याचे. साठच्या वेगातला रोग त्यांनी जात नाही. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. जेट-बिट (कार्बोरेटरमधली पेट्रोलची बारीक भोकं) नंतर बघू, आधी झाकणाचं काय झालं ते कळव.