टच प्रोब कधी टेकण्याआधीच अलार्म देतो, कधी टेकूनही थांबत नाही: दोष कुठे शोधावा?

खानापूरहून आपण विचारले आहे की, घरी जोडलेल्या जीआरबीएलच्या (आर्डुइनो बोर्डावर चालणाऱ्या नियंत्रण प्रणालीच्या) सीएनसी राउटरवर देव्हाऱ्याचे नक्षीकाम करताना झेडचे, म्हणजे वर-खाली जाणाऱ्या अक्षाचे, शून्य घ्यायला लावलेला टच प्रोब (धातूची प्लेट आणि कटरला लावायची क्लिप) कधी टूल खाली सरकण्याआधीच अलार्म देतो, तर कधी कटर प्लेटला टेकूनही अक्ष थांबत नाही; अशा वेळी प्रोब बदलावा का? मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन दुरुस्तीचे काम करतो. प्रोब एवढ्यात बदलू नका. पितळेच्या किंवा अॅल्युमिनियमच्या प्लेटमध्ये बिघडण्यासारखे फारसे काही नसते. बिघडते ते सर्किट, आणि ते मशीन न हलवता तपासता येते.

आर्डुइनो उनो या कंट्रोलर बोर्डावर प्रोबची पिन ए ५ असते. ती आतल्या रोधामुळे ५ व्होल्टवर धरलेली असते, आणि प्लेट व कटर एकमेकांना टेकले की ती ग्राउंडला, म्हणजे शून्यावर, खेचली जाते. आपल्या दोन्ही तक्रारी यातूनच उलगडतात. सुरुवातीलाच सर्किट जोडलेले दिसले तर अलार्म ४ येतो. ठरलेले अंतर संपेपर्यंत ते जोडले गेले नाही तर अलार्म ५ येतो, पण तोवर कटर प्लेटवर दाबला जाऊन मोडलेलाही असू शकतो. म्हणून अलार्मचा आकडा आधी नीट वाचावा.

मोटर न हलवता क्लिप कटरला लावा, कन्सोलमध्ये (संगणकावरून मशीनला आज्ञा देण्याच्या खिडकीत) प्रश्नचिन्ह पाठवा आणि प्लेट हाताने कटरला टेकवा. टेकवताना स्थितीच्या ओळीत ‘पीएन’पुढे ‘पी’ (Pn:P) दिसले पाहिजे आणि काढताच ते गेले पाहिजे. हे दर वेळी बिनचूक होईपर्यंत अक्ष खाली आणू नये. त्यानंतर टूल बेडपासून बरेच वर ठेवून ‘जी ९१’ (आहे त्या जागेपासून अंतर मोजण्याची आज्ञा) आणि मग ‘जी ३८.२ झेड-२० एफ ५०’ (प्लेट टेकेपर्यंत सावकाश खाली येण्याची आज्ञा) द्या, आणि कटर हवेतच उतरत असताना प्लेट खालून टेकवा. अक्ष जागीच थांबला पाहिजे.

‘पी’ दिसतच नसेल, तर मल्टिमीटर कंटिन्युइटीवर लावा. क्लिप स्पिंडलच्या अंगाला लावलेली असल्यास प्रवाहाला बेअरिंगमधल्या ग्रीसमधून जावे लागते आणि त्याचा भरवसा नसतो. क्लिप थेट कटरच्या दांड्याला लावावी. अॅल्युमिनियमची प्लेट अॅनोडाइझ केलेली असेल तर तिचा वरचा थर विद्युतरोधक असतो, तो टेकण्याच्या जागी घासून काढावा लागतो. खानापूरकडच्या पावसाळी दमट हवेत लोखंडी क्लिपचे दात गंजतात, तेही पाहा. वायर क्लिपजवळच आतून तुटते, म्हणून मीटर लावलेला असतानाच ती वाकवून पाहा.

अलार्म ४ येत असेल, तर प्लेटची वायर कंट्रोलरवरूनच सोडवा. तरीही ‘पी’ दिसत राहिले, तर दोष बोर्डात किंवा $६ या सेटिंगमध्ये आहे. साध्या प्लेटला ते शून्य हवे, तर नॉर्मली क्लोज्ड प्रकारच्या, म्हणजे एरवी सर्किट जोडलेले असून टेकल्यावर ते तुटणाऱ्या, प्रोबला एक. वायर काढल्यावर ‘पी’ गेले, तर कुठेतरी शॉर्ट आहे, किंवा प्लेट ग्राउंडला जोडलेल्या धातूच्या जॉबवर ठेवलेली आहे. ‘पी’ अधूनमधून लुकलुकत असेल तर मात्र तो विद्युत गोंगाट समजावा, आणि माझ्या मते खरी चिकाटी इथेच लागते. प्रोबची वायर स्पिंडलच्या व मोटरच्या केबलशेजारून नेलेली असल्यास ती वेगळ्या वाटेने न्या, शिल्डेड वायर वापरा आणि शिल्ड फक्त कंट्रोलरच्या बाजूला ग्राउंड करा. आतला रोध २० ते ५० किलोओहम, म्हणजे कमजोर असतो; पिन आणि ५ व्होल्ट यांच्यामध्ये बाहेरून ४.७ किलोओहमचा रोध आणि पिन व ग्राउंड यांच्यामध्ये ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्याने बहुतेक वेळा हा त्रास थांबतो. स्पिंडलच्या ड्राइव्हचे अर्थिंग वायरमनकडून तपासून घ्यावे.

शेवटी एकाच जागी अनेकदा प्रोब करून कन्सोलमध्ये येणाऱ्या ‘पीआरबी’च्या (PRB) ओळीतील झेडची किंमत ताडून पाहा. लाकूडकामात ०.०२ मिलिमीटरचा फरक चालतो. प्लेटची जाडी मायक्रोमीटरने मोजूनच भरावी. प्लेट वाकडी असल्यास उद्यमबागेतल्या कोणत्याही ग्राइंडिंगवाल्याकडून दोन्ही बाजू समांतर करून घेता येतात. आणि स्पिंडल सुरू करण्यापूर्वी क्लिप आठवणीने काढावी.