पखवाजाच्या अ‍ॅपसाठी ऑडिओ लायब्ररी
कुडाळात बसून तुम्ही दशावतारी पखवाजाचे अ‍ॅप करीत आहात, म्हणजे बोट टेकताच थाप उमटली पाहिजे. तेव्हा लायब्ररी (आवाज वाजवणारा तयार कोड) निवडताना सुविधांच्या लांबलचक यादीआधी विलंब, म्हणजे बोट टेकणे आणि आवाज येणे यांतला वेळ, तपासावा. ४८,००० हर्ट्‌झला (सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने, म्हणजे फ्रेम्स) ४८० फ्रेम्सचा बफर, म्हणजे वाजण्याआधी आवाज साठवायची जागा, १० मिलिसेकंदांचा होतो; तो वाढवला की थाप मागे पडते आणि फारच कमी केला की आवाज तडतडतो. माझ्या मते मिनीऑडिओ घ्यावी, कारण सी भाषेतील ही लायब्ररी एकाच हेडर फाइलमध्ये मावते आणि विंडोज, लिनक्स, अँड्रॉइड, आयओएस अशी सगळीकडे चालते. ओपनएएल सॉफ्ट ही दुसरी लायब्ररी त्रिमितीय ध्वनीसाठी उत्तम, पण तुम्हाला ते हवेच कशाला? कॉलबॅकमध्ये (पुढचा आवाज भरण्यासाठी लायब्ररी वारंवार बोलावते त्या तुमच्या फंक्शनमध्ये) मात्र मेमरी मागणे, फाइल वाचणे किंवा लॉक घेणे कटाक्षाने टाळावे, आणि चाचणी एम्युलेटरवर (संगणकावरच्या आभासी फोनवर) न करता एखाद्या स्वस्त फोनवर, ब्लूटूथ बंद ठेवून करावी.